सहीची जागा

वीम्सचं पाकीट तिसऱ्यांदा आलं, तेव्हा चारुताने ते फोडण्याआधीच उसासा टाकला.

शुक्रवारचे साडेतीन वाजले होते. फेडरल कोर्टाच्या या टपालखोलीत मिशिगनच्या तुरुंगांतून रोज ट्रे भरभरून पाकिटं येतात. वकील न परवडणारे कैदी आपल्या हक्कांसाठी तुरुंगावर स्वतःच दावा लावतात आणि निम्मे या खोलीतच अडकतात. चारुताने पाच गोष्टी बघून खुणा करायच्या : नाव, कैदी नंबर, पत्ता, ठरलेला फॉर्म, सही. मजकूर वाचायचा नाही. वाचत बसलं तर ट्रे संपत नाही. एक जरी खूण राहिली तरी कागद जजपर्यंत जात नाही, चूक सुधारून पाठवण्याचा छापील आदेश कैद्याला जातो.

डॅरल वीम्सला असा आदेश दोनदा गेला होता. सही नाही. दुसऱ्या आदेशात दिलेली मुदत आज संपत होती. आजही सही नसेल तर दावा बाद, आणि ज्या प्रकाराबद्दल दावा होता त्याला तीन वर्षं उलटून गेल्यामुळे कायद्याने तो पुन्हा लावायची सोय नाही.

तिने शेवटचं पान उलटलं. सहीची रेघ रिकामीच. रेघेवर कसला तरी निळसर डाग.

"अनबिलीव्हेबल! मावशी, दोनदा लेटर पाठवलं यार याला. एक साइन करता येत नाही?"

शेजारच्या टेबलावर शैलामावशी पाकिटं फोडत होत्या. या खोलीत त्यांची बावीस वर्षं झाली होती. मार्चमध्ये रिटायर व्हायचं होतं आणि गुडघे त्याच्या आधीच रिटायर झाले होते.

"आण इकडे," त्या म्हणाल्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी कागद डोळ्यांशी नेला. मग रेघेवर बोट ठेवलं.

"अगं, हा डाग नाही. अंगठा आहे."

"मीन्स?"

"म्हणजे सही. लग्नाआधी दोन वर्षं मिरजेच्या रजिस्ट्रार कचेरीत होते मी. रोज तीस-चाळीस अंगठे घ्यायचे. लोक अंगठेबहाद्दर म्हणून हसायचे त्यांना, पण कागद पक्का व्हायचा. शेजारी आम्ही लिहायचो, निशाणी डावा अंगठा, आणि नाव. बघ, रेषा दिसतात."

चारुताने वाकून पाहिलं. रेषा होत्या. त्यांना आडवा छेदून गेलेला एक व्रणही होता.

"पण याला लिहिता येतं ना? एवढी अकरा पेजेस लिहिलीत."

"वाच की मग."

ती पहिल्यांदाच वाचायला बसली. चौथ्या पानावर तुरुंगाची लॉन्ड्री होती. चादरी इस्त्री करायच्या रोलरमध्ये वीम्सचे दोन्ही हात गेले होते. एकोणीस दिवस त्याला हॉस्पिटलात नेलं नव्हतं, नुसती पट्टी बांधली होती. उजवा हात मनगटापासून कापावा लागला. डाव्याची चार बोटं वळत नाहीत. अकराव्या पानावर, सहीच्या रेघेच्या बरोबर वर लिहिलं होतं : हे सगळं शेजारच्या कोठडीतल्या मित्राने लिहिलं. सही मी मला जमते तशी केली आहे.

चारुताला लाज वाटली. आठ महिने हे वाक्य तिच्या हातांतून जात होतं.

"चालेल हे?" तिने हळूच विचारलं.

"ते जज ठरवतील. आपण नुसतं पोचवायचं." शैलामावशींनी कागद परत दिला. "तेवढंही होत नाही कधीकधी."

चारुताने पान स्कॅनरवर ठेवलं. स्क्रीनवर ते स्वच्छ उमटलं : नाव, तारीख आणि कोरी रेघ. स्कॅनर पानावरचे डाग काढून टाकतो. कॉफीचे, घड्यांचे, घामाचे. जजसाहेबांच्या ऑफिसला घाण पानं आवडत नाहीत, म्हणून डाग काढायचं बटण कायम चालू असतं.

मावशी गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि त्यांनी ते बंद केलं. पुन्हा स्कॅन केल्यावर अंगठा आला. चारुताने नोंद टाइप केली, 'सहीच्या जागी अंगठा आहे, मूळ कागद पाहावा,' आणि आजच्या तारखेचा शिक्का मारला.

तरी तिच्याने बसवेना. कपाटातल्या खोक्यातून तिने वीम्सचे आधीचे दोन्ही अर्ज काढले. अंगठा तिथेही होता, त्याच रेघेवर. पहिला गडद निळा, दुसरा फिकट. दुसऱ्याच्या शेजारी एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती : 'सही नाही. फक्त डाग.' खाली चारुताची सही, झोकदार, एका फटक्यात केलेली.

मावशींनी ती मागून वाचली.

"काढून टाक ती," त्या म्हणाल्या. "कुणी विचारणार नाही. बावीस वर्षांत मीही कितीकांना अशा लावल्या असतील, देव जाणे."

चारुताने चिठ्ठीचं टोक नखाने उचललं. मग दाबून परत बसवलं. जजकडे जाणाऱ्या फायलीत जोडायला तिने पान चिठ्ठीसकट तसंच स्कॅनरच्या काचेवर ठेवलं आणि स्कॅनचं बटण दाबलं.

स्क्रीनवर आधी फिकट अंगठा उमटला, मग त्याच्या शेजारी तिची सही.