लोंबता दोरा

बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दोन वर्षं खपून आपल्या जुन्या युद्धनौकेची हातभर प्रतिकृती केली. डोलकाठीच्या दोरांसाठी माझ्याच शिवणाच्या डब्यातला दोरा पळवला. आज काचेच्या पेटीत ठेवायच्या आधी मी ती पुसायला घेतली, तर मागच्या कठड्याला बांधलेला एक दोरा पार टेबलाखाली लोंबत होता. बाबांच्या नजरेतून सुटला असेल म्हणून मी तो कात्रीने कचकन उडवला.

बाबा आले, कठड्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि ते कापलेल्या टोकाशी थांबलं.

"कापलास?"

"नुसताच लोंबत होता हो."

"हाताला ओढ लागली का गं?"

"दोऱ्याला कसली ओढ, बाबा?"

"बोटीवर हुकूम आला आणि मी खरा दोर कापला, तेव्हा लागली होती. खाली पाण्यात नऊ जण धरून होते."