उन्हावरचा भात

चतुराबाईंच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. धाकटीच्या लग्नापासून विहिरीतल्या गाळापर्यंत सगळी वचनं देऊन झाली. कावळा बाभळीवर बसून नुसता ऐकत होता.

"दाजी, अक्काचं काय बाकी ऱ्हायलं असंल?" मेव्हणा मच्छिंद्र म्हणाला.

चतुराबाईंचे नवरे काकासाहेब उठून तडक घरी गेले. धुराला कंटाळून चतुराबाईंनी शहाऐंशी साली भोकरदनला सहा खेटे घातले होते आणि सरकारी सवलतीत सूर्यचूल, म्हणजे उन्हावर शिजवायची आरशाची पेटी, आणली होती. काकासाहेब म्हणाले, "मी जाळावरचंच खाईन." मग पाच वर्षं त्या पेटीत बियाणं राहिलं आणि चतुराबाई जाळापुढं खोकत राहिल्या.

काकासाहेबांनी बियाणं ओतून टाकलं, पेटीत तांदूळ-पाणी ठेवलं आणि पेटी नदीवर आणली. तीन तास ते तिचा आरसा उन्हाकडं फिरवत बसले. उपाशी पाहुण्यांनी तोवर सरकारच्या धोरणाला भरपूर नावं ठेवली.

तो भात ठेवला आणि कावळा शिवला. पाहुणे जेवायला पळाले. काकासाहेब मात्र पेटीपाशीच बसले. भांड्यात उरलेला एक घास त्यांनी तोंडात घातला आणि हळूच म्हणाले, "चतुरे, शिजतो की गं ह्यात."