राहिलेलं भोक

ग्रहण लागायच्या आत खोलीतलं एकूण एक भोक बुजवायचं होतं. मोहिनी दुपारपासून त्याच कामाला जुंपली होती. खिडकीला घोंगडी टांगून झाली, दाराच्या चौकटीवरच्या फटीत पोतं कोंबून झालं. मावळतीची भिंत जुन्या पत्र्यांची, तिला जागोजाग खिळ्यांची भोकं. त्यांत ती चिंध्या दाबत होती.

"नीट पाह्य," पंचफुलाबाई दारातून म्हणाली. "मागल्या बारीचं ध्यानात हाय ना?"

"हाय, माय."

ध्यानात नसायला काय झालं? चार वर्षं पोरीला घरानं दुसरं काही ध्यानात ठेवूच दिलं नव्हतं.

बाजेवर तिची वहिनी, सीमा, उताणी पडून होती. सातवा महिना लागला होता. ग्रहण सुटेपर्यंत हात-पाय दुमडायचे नाहीत, काही चिरायचं नाही, अंगावर उजेड पडू द्यायचा नाही, असं सासूनं बजावलं होतं. सीमानं सगळं निमूट कबूल केलं आणि एकच मागितलं.

"मोहिनीला बसू द्या माह्याजवळ."

सासूचं तोंड वाकडं झालं, पण पोटुशीला नाही कसं म्हणणार? तिनं दार बाहेरून ओढून घेतलं आणि उंबऱ्याशी माळ घेऊन बसली. आत मिट्ट काळोख झाला.

असा काळोख मोहिनीला एके काळी फार आवडायचा. तिचा भाऊ हनुमान हिंगोलीच्या मोंढ्यात हळद विकायला गेला, तेव्हा येताना तिच्यासाठी विज्ञानाच्या खेळांचं पुस्तक घेऊन आला होता. घरातल्या घरात करायचे खेळ. मोहिनीनं त्यातला एकही सोडला नाही. पाण्याचा पेला कागद लावून पालथा धरला आणि आईच्या अंगावर सांडून मार खाल्ला. हळदीच्या कागदाला साबण लावून तो लालभडक केला. घरात नवीन आलेली वहिनी पदर तोंडाला लावून हसायची आणि "आणखी एक दाखव गं" म्हणायची. मग दिवाळीत ग्रहण आलं. वहिनीला दिवस गेलेले. मोहिनीनं तिला गुपचूप कडब्याच्या गंजीमागं नेलं आणि बुटाच्या खोक्याला भोक पाडून आतल्या कागदावर कुरतडलेला सूर्य दाखवला. "वर बघायचंच न्हाई वैनी, हितं बघा!" किती हसल्या होत्या दोघी.

लेकरू मेलेलंच जन्मलं. नाळ गळ्याला अडकली होती, असं नर्सबाई म्हणाल्या. पण नाळ कुणी पाहिली नव्हती, आणि ते खोकं मात्र शेजारणीनं पाहिलं होतं. पुस्तक चुलीत गेलं.

बाहेर ढग फाटले असावेत. मोहिनीनं सहज बाजेकडं पाहिलं. वहिनीच्या पोटावर, हिरव्या लुगड्यावर, रुपयाएवढा उजेड पडला होता. गोल नव्हता. एका बाजूनं खाल्लेला होता.

एक भोक राहिलं होतं.

उठून ते बुजवावं, तर तेवढा वेळ उजेड पोटावरच पडणार. आईला हाक मारावी, तर आज ती जिवंत सोडणार नाही. बारीक भोकातून सूर्याचं नुसतं चित्र पडतं, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही, हे मोहिनीला अजून तोंडपाठ होतं. पुस्तक जळालं तरी ते पान तिच्यापाशी शाबूत होतं. तरीही तिचा हात पुढं झाला. तिनं तो वहिनीच्या पोटाच्या जरासा अलीकडं, पत्र्याकडं तळवा करून धरला, आणि सूर्य तिच्या तळहातावर आला.

उजेड हळूहळू वर सरकत होता. तिचा हातही त्याच्याबरोबर सरकत होता. खांद्याला कळ लागली, पण हात खाली घ्यायची हिंमत होईना. सूर्य बारीक होत होता. आधी कलिंगडाची फोड, मग नुसती साल. आणि तो सुंदर होता, हेच तिला सोसवेना. कुणाला तरी ओरडून दाखवावं असं तिला आतून वाटत होतं, आणि ती ओठ दाबून रडत होती.

"मोहिनी," वहिनी डोळे मिटूनच हळू आवाजात म्हणाली, "केवढा उरला गं?"

"काय, वैनी?"

"सूर्य. तू हात धरायच्या आधी दिसला मला. माह्या लेकरानं जगातलं तेवढंच पाहिलं गं, त्या दिवशी. माह्यासंगं. दुसरं कायच न्हाई पाहिलं त्यानं. सांग की, केवढा उरला?"

मोहिनीच्या तोंडाशी सगळं आलं. कोर केवढी, टोकं कुठल्या अंगाला, आणि ती तशीच का दिसते, तेही.

"काय बोलून राहिल्या गं आत?" बाहेरून पंचफुलाबाईचा आवाज आला. "काई दिसून राहिलं का तिथं?"

"न्हाई माय," मोहिनी म्हणाली. "काईच न्हाई."

वहिनीनं तोंड भिंतीकडं वळवलं.

मोहिनीनं मूठ आवळली. सूर्य मुठीत आला नाही. तो तिच्या बोटांवर तसाच बसून राहिला, नखाएवढा.