नऊ नंबरची ओळ

एकतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, तेव्हा वेस्ट मांबलमच्या आमच्या बिल्डिंगमधल्या माणसांची यादी दुसरं कोण करणार? दर महिन्याला घरोघरची संख्या आर या आकडेमोडीच्या संगणक-प्रोग्राममध्ये भरते आणि एक्सेलमध्ये उघडेल अशी सीएसव्ही फाईल काढते. आजवर एक आकडा चुकलेला नाही.

आमच्या बरोबर वरचा नऊ नंबरचा फ्लॅट चार वर्षं कुलूपबंद आहे. त्याचा रकाना मी रिकामा सोडते, आर तिथे 'एनए' लिहितं, म्हणजे माहिती नाही.

आज सकाळी फाईल उघडली, तर नऊपुढे दोन होते आणि आम्हा दोघांच्या सहा नंबरपुढे एनए.

आरमधला तक्ता बरोबर होता. मी फाईल पुन्हा काढली, मग आणखी एकदा. दोन्ही वेळा तेच आलं.

वेंकोबा स्वयंपाकघरात कॉफी गाळत होते. मी तिकडे वळून विचारलं, "अहो, माझी फाईल बरोबरच असते ना?"

"आमा," ते नेहमीसारखं तमिळमध्ये हो म्हणाले.

त्यांचा आवाज वरच्या मजल्यावरून आला.

पाठोपाठ तिथूनच माझा आवाज आला, वर्गात असायचा तसा ताठ.

"मग? मी सांगितलं नव्हतं?"