पाणथळाचा भाव

चाकणच्या मागं उरलेल्या एकुलत्या एक पाणथळात आबाजी म्हशी धूत होते. निरंजन सर्व्हेचा मोबाइल सांभाळत, चिखल तुडवत त्यांच्यापाशी पोचला.

"आबा, एकच प्रश्न राहिलाय. हे पाणथळ तुमच्या घराला वर्षाकाठी किती रुपयांचं वाटतं?"

"न्हाई सांगायचा," म्हशीची पाठ चोळत आबाजी म्हणाले. "हितं कुनी भाव इचारून गेला, की वरसात कुंपन उभं ऱ्हातं. माझी निम्मी जमीन तशीच ग्येली. परवा शेजारचा गुंठा वीस लाखाला ग्येला."

"अहो, मी वाचवायला आलोय! हल्ली पाऊस पडत नाही, कोसळतो. हे पाणथळ ते पाणी पोटात घेतं म्हणून तुमचं गाव बुडत नाही. ते रुपयांत दाखवलं तरच साहेब लोक ऐकतात."

"आन न्हाई सांगितला आकडा, तर?"

निरंजनला खोटं बोलवेना. "तर शून्य धरतात. मग भराव टाकायला कुणाची आडकाठी राहत नाही."

पलीकडं रस्त्याला मुरमाचे डंपर लागले होते. आबाजींनी तिकडं एकवार पाहिलं. मग ओले हात धोतराला पुसत म्हणाले, "मंग कुनालाच परवडायचा न्हाई, यवढा लिव्हा."

निरंजनचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा खुलला. तो भराभर नऊ दाबत सुटला.

सहा नऊ बसले, शेजारच्या अर्ध्या गुंठ्याच्या भावाला एक रुपया कमी. रकान्यात सातवा आकडा काही मावेना.