बैठ्या पदासाठी पंचवीस किलोमीटर

मुकुल पंचवीस किलोमीटर तीन तास अठ्ठावन्न मिनिटांत चालला. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आत्ता त्याचा बाविसावा किलोमीटर चालू आहे. इंदूरजवळ सिमरोलच्या रस्त्याकडेला गुडघ्यांवर हात ठेवून तो उभा आहे आणि आपल्या डाव्या पायाला शिव्या घालतो आहे. उजव्याला घालून झाल्यात.

"दादा, उभा काय राहिलास? घड्याळ चालू आहे!" मागून स्कूटीवरून ऋजुता ओरडली. ती त्याची धाकटी बहीण. गळ्यात स्टॉपवॉच, पायाशी पाण्याच्या बाटल्या, पर्समध्ये त्याचा फोन.

"घड्याळाला गुडघे नसतात," मुकुल म्हणाला आणि निघाला.

परीक्षा येत्या अठरा तारखेला होती. चार तासांत पंचवीस किलोमीटर चालायचे. पद होतं जावक लिपिकाचं, म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून बाहेर जाणाऱ्या पत्रांवर नंबर टाकायचे. संस्थानी काळात या सरकारी खात्याचं टपाल माणसं पायी पोचवायची, तेव्हाचा हा नियम. ती माणसं गेली, टपालही गेलं. आता ईमेल जातो. पण ईमेल पाठवणाऱ्याने आधी पंचवीस किलोमीटर चालून दाखवायचं, हे मात्र टिकलं. दुसरा नियम असा, की वय परीक्षेच्या दिवशी मोजणार आणि तेहतीस पूर्ण झालेला माणूस बाद. लेखी परीक्षेत चौथा आलेला मुकुल चोवीस तारखेला तेहतीसचा होणार होता. म्हणजे सहा दिवस हाताशी. आठ वर्षं कोचिंग क्लासात लोकांच्या पोरांना गणित शिकवल्यावर एवढं एक गणित त्याच्या बाजूने सुटलं होतं.

त्यात इंदूरमध्ये पायी चालणं सोपं नाही. ओळखीचा माणूस चालताना दिसला की इथे लोकांचा जीव कासावीस होतो. पहाटे अन्नपूर्णा भागातल्या घरून निघाल्यापासून नऊ जणांनी गाड्या थांबवून त्याला बसायचा आग्रह केला होता. दहावा शामभिया. हा शेजारी, पोलोग्राउंडला एका वर्कशॉपमध्ये कामाला.

"काय भिया, गाडी बिगडली का? चल, बस मागे."

"प्रॅक्टिस करतोय, शामभिया."

"अरे तो बैठ के कर ले ना! घरच्या माणसाशी काय तकल्लुफ?" शामभियाने त्याचा दंडच धरला.

मुकुलने मोटरसायकलची सीट पाहिली. फाटकी होती, आतून फोम डोकावत होता. इतकी देखणी वस्तू त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. तळव्याला फोड आले होते, मांड्या दगड झाल्या होत्या, आणि डोकं तर सोळाव्या किलोमीटरलाच घरी जाऊन झोपलं होतं. त्याने पाय उचलला. दोन तासांत पहिल्यांदाच पाय आनंदाने उचलला गेला.

"पाय खाली!"

दहाव्या किलोमीटरपर्यंत 'शाब्बास दादा' करणारी ऋजुता पंधराव्यानंतर एकदम कडक झाली होती. थकली असेल, असं त्याला वाटलं होतं. स्कूटीवर बसून माणूस थकतो कसा, याचा त्याला रागही आला होता.

"शामभिया, तुम्ही निघा. आणि दादा, आज बसलास ना, तर तू चालू शकत होतास हे मी जन्मात कुणाला सांगू शकणार नाही."

वाक्य जरा विचित्र होतं. पण विचार करायला डोकं जागेवर नव्हतं. शामभिया दुखावला. "निदान कचोरी तरी घे," म्हणत त्याने तेलकट पुडी मुकुलच्या हातात कोंबली. मुकुल कचोरी घेऊन चालू लागला.

उरलेले किलोमीटर तो रागावर चालला. आधी पायांवरचा राग पुरवला, तो संपल्यावर नियमावरचा. मग नियम लिहिणाऱ्यावरचा, जो नक्कीच घोड्यावर बसून फिरत असणार. शेवटी रागही संपला. तरी पाय पडत राहिले, एकापुढे एक, कुणालाही न विचारता.

स्कूटीच्या मीटरवर पंचवीस झाले तेव्हा समोर एक चहाची टपरी होती. ऋजुताने घड्याळ दाबलं. मुकुल मातीतच बसला आणि वेड्यासारखा हसायला लागला.

"दोन मिनिटं उरली! बघच तू अठराला..."

ऋजुताने पर्समधून त्याचा फोन काढला आणि त्याच्या हातात दिला. खात्याचा मेसेज होता. 'अपरिहार्य कारणास्तव चालण्याची परीक्षा पुढे ढकलण्यात येत आहे. नवी तारीख यथावकाश कळविण्यात येईल.'

"हा आठ दहाला आलाय," मुकुल म्हणाला.

"हो."

"म्हणजे मी पंधराव्यावर होतो! पुढचे दहा किलोमीटर तू मला फुकट चालवलंस?"

"चालवलं!" ती त्याच्याहून मोठ्याने ओरडली. चहावाल्याने गाळणी खाली ठेवली. "त्यांनी तुला नापास केलेलं नाही, दादा. त्यांनी तुला चालूच दिलं नाही. तू पोचला असतास की नाही, ते मला तरी बघायचं होतं."

मुकुलने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग त्याने चहावाल्याकडून एक कागद आणि पेन मागून घेतलं, मांडी घालायचा प्रयत्न केला, ती बसेना, तेव्हा पाय पसरून लिहायला घेतलं.

'महोदय, अर्जदार आज, अकरा तारखेस, सकाळी नऊ वाजून त्रेचाळीस मिनिटांनी सदर पदासाठी पूर्णपणे पात्र होता. साक्षीदार एक बहीण व एक चहावाला. परीक्षा केव्हा होईल हे खात्यास ठाऊक नाही. अर्जदाराचे वय मात्र सुटीच्या दिवशीही वाढत असून ते थांबविण्याचे अधिकार अर्जदारास नाहीत. तरी नवी तारीख जाहीर होईपर्यंत अर्जदाराचे वय बत्तीस वर्षे, अकरा महिने व अठरा दिवस एवढेच कायम ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती.'