तीन तास छताखाली

पडद्यावरच्या बाईनं खोलीची कडी आतून लावली आणि पुढच्या रांगांतली कोचिंगची पोरं एका दमात शिट्ट्या मारायला लागली. रेणुकानं नवऱ्याकडं पाहिलं. व्यंकटीचं पडद्याकडं लक्षच नव्हतं. मान वर करून तो छत न्याहाळत होता.

"तिकडं काय हाय?" तिनं विचारलं.

"भेग हाय."

"रंग उडालाय तो."

"भेगच हाय. पंख्यापासून निघालीय, पार आपल्या डोक्यावर आलीय."

रेणुकानं कपाळाला हात लावला. भूकंपात त्याची बायको गेली होती, हिचा नवरा गेला होता. सोयऱ्यांनी दोघांचं जुळवून दिलं, त्याला दोन वर्षं झाली. लातुरात भाड्याची खोली होती, पक्क्या छताची. पण या गड्यानं एकही रात्र त्या खोलीत काढली नव्हती. अंगणात बाज टाकायचा आणि तिथंच पडायचा. वरच्या मजल्यावर राहणारी पोरं पहाटे चारपासून त्याच अंगणात पुस्तक घेऊन येरझाऱ्या घालायची, बेडकाच्या काळजाला कप्पे किती ते घोकायची. त्यांच्यादेखत नवरा-बायकोनं बोलायचं काय अन् करायचं काय?

शेवटी आज सकाळी तिनं सांगून टाकलं होतं. "उद्या माझा भाऊ देवणीहून यायलाय. तुमी एक पिक्चर संपेस्तोवर छताखाली बसून दाखवा. बसलात तर मी ऱ्हाते. न्हाई तर त्याच्यासंगं जाते, आन् परत येत न्हाई."

व्यंकटी "हाव" म्हणाला होता. पिक्चर कुठला, हे दोघांनीही नीट पाहिलं नाही. पोस्टरवर विमानं होती, म्हणून लढाईचा असेल असं वाटलं. होताही लढाईचाच, विलायती, हिंदीत बोलणारा. पण त्यातली बरीचशी लढाई पलंगावरच चालली होती.

एका बाईला तिच्याच माणसानं शत्रूच्या साहेबाकडं धाडलं होतं, नकाशे चोरून आणायला. तुझ्यावर जीव आहे म्हणायचा आणि धाडायचा. साहेबाला तिचा संशय होता, तरी तो तिला रोज बोलवायचा. तो तिच्या अंगावरचं एकेक वस्त्र उतरवायचा ते मायेनं की झडती म्हणून, हे तिलाही कळत नसावं. तो गळ्याशी आला तरी तिचे डोळे टक्क उघडे, टेबलावरच्या नकाशांच्या पेटीकडं लागलेले. पोरांना ते दिसत नव्हतं. रेणुकाला तेवढंच दिसत होतं, आणि चीड त्या बाईची, तिच्या माणसाची, साहेबाची, तिघांचीही येत होती. तास होऊन गेला, पण त्या बाईला 'जेवलीस का' म्हणून एकानंही विचारलं नव्हतं.

"बगा," ती व्यंकटीच्या कानाशी म्हणाली, "वैऱ्यासंगं कडी लावून निजायली ती. आमी लग्नाचे असून अंगणात."

"हळू बोल. ही पोरं आमच्याच क्लासची हायत. शिपाई म्हणून वळखतात मला."

"क्लास बुडवून आलीत ती. ती कशाला तुमाला तोंड दाखवतील?"

तेवढ्यात पडद्यावर विमानं आली. पहिला बाँब पडला तशी खुर्च्यांखालून घरघर उठली आणि पाठीला थरथर लागली. साहेबानं पलंगावरून उडी मारली ती पेटीकडं. बाईही पेटीकडंच झेपावली. दोघांचे हात एकदमच त्या पेटीवर पडले.

रेणुकानं शेजारी पाहिलं. व्यंकटीची दाराजवळची खुर्ची रिकामी होती.

गेला. ती जागची हलली नाही. रडूही आलं नाही, नुसता वैताग आला, असली अट घालणाऱ्या स्वतःचाच. कुठली लुगडी बांधायची आणि कुठली ठेवायची, ते ती मनाशी ठरवू लागली.

इतक्यात अंधारात कुणीतरी तिचं मनगट धरलं.

"ऊठ." व्यंकटी होता, घामानं निथळलेला. "ऊठ, भायेर चल."

"पिक्चर हाय ते."

"ठावं हाय मला. ऊठ."

त्यानं तिला ओढतच बाहेर, थिएटरच्या आवारात आणलं. दुपारचं ऊन डोळ्यांत घुसलं. दारावरचे खाजामियाँ स्टुलावरून उठले. "क्या हुआ? आग लागली का?"

"न्हाई मामू," रेणुका म्हणाली. "ह्यांना पिक्चर पसंत न्हाई."

बायकामाणसाला घेऊन यायचा पिक्चर आहे का हा, असं पुटपुटत खाजामियाँ पुन्हा बसले.

व्यंकटीनं मनगट सोडलं नव्हतं. बांगड्या रुतत होत्या.

"हरलो मी," तो म्हणाला. "जा तू उद्या."

"मंग सोडा की हात."

त्यानं सोडला नाही.

"एकदा भायेर आलाच होता," ती म्हणाली, "तर परत आत कामून आलात?"

व्यंकटी खाली मातीकडं पाहत राहिला.

"भूकंपाच्या येळेला परत आत गेलो न्हवतो," तो म्हणाला.

खाजामियाँनी उगाच तिकिटांचे तुकडे हातातल्या हातात जुळवले. आतून पोरांचा गलका आला, मग थांबला.

"चला," ती वैतागूनच म्हणाली. "त्या बाईचं पुढं काय झालं ते बगायचंय मला."

"मला जमायचं न्हाई."

"मंग ऱ्हावा हितंच उभे."

ती आत शिरली आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली. उजेड थेट पडद्यावर पडला. पोरं ओरडली, "ओ, दार लावा की."

खाजामियाँनी दार ओढलं. ते पुरतं लागेना. व्यंकटी बाहेर उन्हात उभा होता, आणि तिचं मनगट धरलेला त्याचा हात कोपरापर्यंत आत होता.